साडूचा पॉडकास्ट

२ नोव्हेंबर, रविवार

पशुखाद्याच्या कंपनीने दिलेली ही डायरी दोन वर्षं कपाटात कोरी पडून होती. आज धूळ झटकून बाहेर काढली. आजपासून मी विनोद लिहिणार आहे.

कारण सरळ लिहितो. डायरी माझी आहे, दुसरं कोणी वाचणार नाही. माझा साडू आदिनाथ श्रीरामपूरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याने आणि त्याच्या बायकोने, म्हणजे माझ्या मेव्हणीने, धनश्रीने, शिमग्यापासून एक विनोदी पॉडकास्ट सुरू केलाय. नाव ‘टेका की पाव्हणं’. दर गुरुवारी नवा भाग. आदिनाथ गुलाबतात्या नावाच्या एका जनावरांच्या दलालाच्या गोष्टी सांगतो आणि धनश्री मधूनमधून ‘अगं बाई’ म्हणते. एवढंच. आणि एवढ्यावर अर्धा नगर जिल्हा हसतोय.

आता जनावरांचा दलाल कोण आहे? मी. घोडेगावच्या बाजारात माझं आयुष्य गेलं. मोबाईलवाल्याला म्हशीची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली एवढं कळलं तरी पुष्कळ. आणि बाजारात माणसं हसवायची तर ती आजवर मीच हसवली. आदिनाथला समोरासमोर ‘जेवलात का’ एवढंसुद्धा मजेत विचारता येत नाही. भाऊबीजेला आला होता, चार तास बसला आणि दोन वेळा थंडीबद्दल बोलला.

त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणालो, विनोद रक्तात असावा लागतो. आणि बायकांना तर तो जमतच नाही, धनश्री नुसतं ‘अगं बाई’ म्हणते तेच बरंय. धनश्रीने माझ्या बायकोकडे पाहिलं. ज्योती ताटं उचलून आत गेली.

सगळ्यात जास्त काय टोचतं तेही लिहितो. ज्योती भाकरी थापताना एका कानात ते यंत्र घालून हा पॉडकास्ट ऐकते आणि हसते. पिठाचा हात तोंडावर धरून, खांदे हलवत हसते. लग्नाला सतरा वर्षं झाली. पहिलं वर्ष सोडलं तर माझ्या कुठल्याही बोलण्यावर ती अशी हसलेली नाही. माझ्याच घरात, माझ्याच चुलीपुढे, माझी बायको साडूच्या विनोदावर हसते आणि मी ओट्यावर बसून तंबाखू मळतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

विनोद पहिला. एक माणूस म्हैस घेऊन माणसांच्या डॉक्टरकडे जातो.

(पुढचं सुचलं की लिहीन.)

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बाजार. बैलांच्या दोन जोड्या आणि एक गाभण म्हैस विकून दिली. एरवी असा दिवस म्हणजे आनंदीआनंद. पण दुपारी पुंजारामच्या हॉटेलात चहाला गेलो आणि सगळी चव गेली. पुंजारामने कालचा भाग मोठ्या स्पीकरवर लावला होता. भज्यांच्या कढईभोवती चाळीसेक माणसं उभी.

कालची गोष्ट अशी. गुलाबतात्या पुतणीसाठी मुलगा बघायला जातो. पाहुणे बसलेत, पोहे आलेत. तात्या सवयीने मुलाची हनुवटी धरतो, ओठ वर करतो आणि म्हणतो, “दाताला चांगला हाय, पर जरा चालवून दावा.” माणसं गुडघ्यावर हात मारून हसत होती. आणि हसताना माझ्याकडे का बघत होती कुणास ठाऊक. मी हळूच कारभारी दलालाकडे बोट दाखवलं, कारण गुलाबतात्या म्हणजे हुबेहूब कारभारीच, आंधळ्यालाही कळेल. तशी माणसं आणखीच हसली. कारभारीसुद्धा हसला. त्याला कळलंच नसावं.

माझ्या पुतणीसाठी, दिशासाठी, मुलगा बघायला गेलो तेव्हा मी दात बघितले होते, ती गोष्ट वेगळी. त्याचे दात खरंच पुढे होते.

संध्याकाळी ज्योतीला बाजाराची हकिकत सांगितली. एवढं मात्र आहे, बाजाराचं ती मन लावून ऐकते. “मग तो काय म्हनला? तवा त्याचा हात कुठं हुता? टोपी काढली का न्हाई त्यानं?” असं खोदून खोदून विचारते. वाणसामानाचं बोलताना तिचं एवढं लक्ष नसतं.

आणखी एक पाहिलं. पॉडकास्ट ऐकताना ती विनोदाच्या आधीच हसते. म्हणजे आदिनाथचं वाक्य संपायच्या आत. एकच भाग दोन-दोनदा ऐकत असणार. एवढं वेड लागलंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज आदिनाथने भागाच्या शेवटी हात पसरले. आवाज एकदम गंभीर. म्हणाला, “मंडळी, खोलीचं भाडं हाय, माईक हाय, लिहिनाराचे कष्ट हायेत. आत्तापर्यंत खिशातून केलं. तुमाला हसू आलं असंल तर काहीतरी द्या. वर्षाअखेरपर्यंत न्हाई जमलं तर आमी हे बंद करू.”

बंद करू! हा शब्द ऐकून माझ्या पोटात गार वाटलं.

‘लिहिनाराचे कष्ट’ म्हणे. स्वतःच लिहितो आणि स्वतःचेच कष्ट सांगतो.

खाली ऐकणाऱ्यांनी बरंच लिहिलंय, सगळं वाचून काढलं. अकोले तालुक्यातली एक बाई लिहिते, आमच्या डोंगरात बंधाऱ्यावर चढल्याशिवाय रेंज येत नाही, तरी चढून ऐकते, मी देणार. ऊसतोडीला गेलेला एकजण विचारतो, आम्ही अकराजण पाचटाच्या कोपीत एकाच मोबाईलवर ऐकतो, तर वर्गणी एकाची द्यायची की अकरांची? कोणी म्हणतं, जाहिराती घ्या, आमच्याकडे कशाला मागता. कोणी म्हणतं, जाहिरात घेतली की हे त्या कंपनीचे होतील, त्यापेक्षा आमचे राहू द्या. एकीने लिहिलंय, माझी सासू पहिल्यांदा माझ्यासमोर हसली, याची किंमत कशी लावू?

मीही लिहिलं. ‘एक हितचिंतक’ या नावाने. ‘हसू देवाने फुकट दिलंय. त्याचे पैसे मागणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. शिवाय हे विनोद घोडेगाव बाजारातल्या दलालांचे आहेत, यांचं स्वतःचं काय?’

त्यावर लोक तुटून पडले. मी मोबाईल उशीखाली ठेवला.

ज्योती भाकऱ्या टोपलीत ठेवता ठेवता म्हणाली, “कोन हो हा हितचिंतक?”

“असेल कोणीतरी जाणकार माणूस.”

“जाणकार कसला, जळका हाय,” ती म्हणाली. आणि मला जास्तीची चटणी वाढली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हॉटेलात आज सौदे कमी आणि वाद जास्त. मी म्हणालो, नुसत्या बोलण्याचे कसले पैसे? पुंजाराम झारा हातात घेऊन माझ्यावर आला. “वैजनाथभाऊ, तुमी दलाल मान्सं काय विकता? म्हैस ह्याची, पैसं त्याचं. मधी तुमचं नुसतं बोलनंच ना?”

सगळी हसली. पुंजारामलासुद्धा आता विनोद सुचायला लागलेत. साथ पसरलीय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आदिनाथचा फोन आला. स्वतःहून. “साडूभाऊ, तुमी मानसांतले मानूस. लोक ‘देतो’ म्हनत्यात पर देत न्हाईत. काय करावं?”

मी खाटेवर नीट मांडी घालून बसलो. असा दिवस रोज येत नाही. म्हणालो, “आपल्याकडं मुकाट्यानं कोणी देतं का? सप्ताहाला भंडारा दिला तरी माईकवर नाव लागतं. लग्नात आहेर केला तरी पुकारावा लागतो. भाग सुरू व्हायच्या आधी देणाऱ्यांची नावं पुकारा. मानानं, गावासकट, किती दिले त्यासकट.”

तो खुळा खूश झाला. मला मात्र ठाऊक होतं मी काय सांगतोय. हनुमान जयंतीला आमच्या गावात कीर्तनापेक्षा नावं जास्त वेळ चालतात आणि पुढच्या वर्षीची भांडणं त्याच नावांवरून सुरू होतात. एकदा नावं शिरली की विनोदाला बसायला जागा राहणार नाही.

मी हे मुद्दाम केलं. इथे खोटं लिहून काय उपयोग?

४ डिसेंबर, गुरुवार

माझी आशा फोल गेली नाही. आजचा भाग पंचवीस मिनिटांचा आणि त्यातली पहिली अकरा नावांत गेली. ‘सोनईचे प्रगतशील शेतकरी’, ‘माजी उपसरपंच’, ‘युवा उद्योजक’, ‘कैलासवासी आजोबांच्या स्मरणार्थ’. एकाने तीन पिढ्यांची नावं दिलीत. एकाने वर्गणीबरोबर मुलीच्या बारशाचं निमंत्रण घुसडलंय. धनश्री प्रत्येक नावानंतर ‘धन्यवाद’ म्हणत होती. तिचं ‘अगं बाई’ एकदाच आलं आणि तेही दमून.

गुलाबतात्या शेवटी आला आणि लगेच गेला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बाजारात नुसता धुरळा. कालच्या भागात एका मोठ्या बागायतदाराचं नाव त्याच्या भावकीतल्या माणसाच्या नंतर लागलं. तो रुसला, पैसे परत मागतोय. दुसऱ्याचं ‘श्री’ राहिलं. तिसरा म्हणतो, मी त्याच्यापेक्षा जास्त दिले, मग माझं नाव एवढ्या पटकन का वाचलं? ऊसतोडीवरच्या त्या अकराजणांनी मिळून दिले होते, पण एकाचंच नाव पुकारलं म्हणून कोपीत अबोला धरलाय असं त्यांच्यातल्याच एकाने लिहिलंय. ज्यांनी काही दिलं नाही ते वेगळेच चिडलेत, की आम्हाला कमी लेखता का.

पुंजारामने स्पीकर मधेच बंद केला. “ह्या नावांपायी चहा थंड व्हतो गिऱ्हाइकाचा,” म्हणाला. आणि जुनी गाणी लावली.

मी दोन प्लेट भजी खाल्ली.

१६ डिसेंबर, मंगळवार

मैदान मोकळं आहे, तेव्हा माझाही पॉडकास्ट काढायचा. आज गोठ्यात बसून मोबाईलवर बोललो. म्हैस डॉक्टरकडे जाते तोच विनोद, शेवट आता सुचलाय. मधे रेडकू हंबरलं, ते तसंच ठेवलं, बरं वाटतं. ज्योतीला ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “छान हाय.” आणि तांदूळ निवडायला घेतले.

छान हाय! आजाऱ्याला भेटून आल्यावर म्हणतात तसं म्हणाली.

२१ डिसेंबर, रविवार

घरात काहीतरी बिनसलंय. ज्योती हसत नाही. माझ्यावर तर नाहीच, पण पॉडकास्टवरही नाही. ते कानातलं यंत्र फडताळावर पडून असतं. हेच तर मला हवं होतं. मग गोड का लागत नाही?

आणि परवाच्या बाजाराचं तिने काहीच विचारलं नाही. एक खोंड दोर तोडून थेट बँकेत शिरलं होतं. एवढी मोठी गोष्ट! मी मुद्दाम थांबत थांबत सांगितली. ती “हं” म्हणाली. “त्याचा हात कुठं हुता” नाही, “तो काय म्हनला” नाही.

मनात वाईट शंकासुद्धा येऊन गेली, ती लिहितो. रोज दुपारी ती श्रीरामपूरला तासभर फोन करते. कोणाशी बोलते? आज दाराआड उभा राहिलो. धनश्रीच होती, देवाची कृपा. ज्योती म्हणत होती, “तात्याचं आता काही खरं न्हाई गं. जाऊ दे त्याला. एकदा शेवटचं चांगलं करू त्याचं.” आणि डोळे पुसत होती.

रात्री विचारलं, कोणते तात्या आजारी आहेत? तिच्या माहेरी तीन तात्या आहेत. म्हणाली, “हायेत लांबचे.” भेटायला जाऊन येऊ म्हणालो. तर माझ्याकडे बघत राहिली. हसेल असं वाटलं, पण नाही हसली.

२ जानेवारी, शुक्रवार

आजचं सगळं लिहायचं आहे, म्हणून बाजारातून लवकर आलो.

काल शेवटचा भाग आला. मी काल ऐकला नाही. साडू बुडतोय हे घरी बसून ऐकण्यात मजा नाही, चारचौघांत ऐकावं म्हणून आज पुंजारामच्या हॉटेलात गेलो. पुंजारामने स्पीकर लावला. “शेवटचाच हाय, ऐका रे.”

नावं नव्हती. आदिनाथ म्हणाला, “पाव्हणं, आज कोनाचंच नाव घेत न्हाई. चुकलं आमचं. ज्यांनी दिलं त्यांचं परत करतोय. आज फक्त गुलाबतात्या.”

गोष्ट अशी होती. तात्याचं नवं लग्न झालेलं. घरात सासू खमकी. तिच्यासमोर नवऱ्याशी बोलायची सुनेला चोरी. तात्या जेवायला बसायचा, सासू शेजारी पाट टाकून बसायची. आता भाकरी किती हवी हे कसं सांगणार? मग तात्याने बाजारातली विद्या घरात आणली. आपल्याकडे सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून किंमत सांगायची. बाहेरच्याला काही कळत नाही. तसा तात्या मांडीवर पंचा टाकून बसायचा आणि बायको वाढायला वाकली की पंचाखाली तिची बोटं धरायचा. दोन बोटं, दोन भाकरी. पण दलालच तो! तिने दोन द्यायचं कबूल केलं की हा तिसऱ्यासाठी अडून बसणार. ती एक बोट मिटवणार, हा पुन्हा उघडणार. एकदा तर अर्ध्या भाकरीवरून सौदा एवढा रंगला की सासू म्हणाली, “सूनबाई, कंबर धरली का काय? सरळ व्हईना ती!”

हॉटेलात हसण्याचा गडगडाट झाला. कारभारी डोळे पुसत होता. हसून पुसत होता की आणखी कशाने, सांगता येत नाही. शेवटी आदिनाथ म्हणाला, सासू गेली, आता घरात मोठ्याने बोलायला कोणाची आडकाठी नाही. पण तात्याचा पंचा दोरीवर वाळत असतो आणि त्याखाली हात कोणी घालत नाही. मोठ्याने बोलायला लागल्यापासून दोघांचं बोलणंच होत नाही.

मग कोणीच हसलं नाही. कढईत भजी करपली तरी पुंजारामच्या लक्षात आलं नाही.

माझ्या कानातून वाफा निघत होत्या. ही गोष्ट जगात फक्त दोन माणसांना ठाऊक आहे. आई गेली, आणि तिलाही शेवटपर्यंत कळलं नव्हतं. एक माणूस मी. मी आदिनाथला सांगितलेली नाही.

हात कुठं हुता. तो काय म्हनला. टोपी काढली का. वाक्य संपायच्या आधीच येणारं हसू. लिहिनाराचे कष्ट.

सतरा वर्षं बाजारातली एकेक गोष्ट मीच तिच्या ताटात वाढत आलो. आणि मी जळत कोणावर होतो, तर आदिनाथवर! त्या बिचाऱ्याने नुसता आवाज दिला. आणि जिच्या तोंडचा घास मी नावं पुकारायला लावून काढून घेतला, ती माझ्याच चुलीपुढे बसून माझ्यासाठी भाकरी थापत होती.

पुंजाराम म्हणाला, “आता ह्याचं पैसं म्या देतो. पर नाव नगं.”

तेव्हा मी उठलो. गल्ल्यावरचा बिस्किटांचा रिकामा डबा घेतला आणि खांद्यावरचा रुमाल त्यावर टाकला. “सौद्यासारखं करा. रुमालाखाली हात घाला. कोणी किती टाकलं, टाकलं की नुसताच हात फिरवला, कोणी बघायचं नाही आणि कोणी पुकारायचं नाही.” बाजारातल्या माणसाला यापुढे समजावून सांगावं लागत नाही. पहिला हात मी घातला. दुसरा कारभारीने. मी बघितलं नाही, पण बराच वेळ घातला होता.

डबा तिथेच ठेवून घरी आलो. ज्योती चुलीपुढे होती. मी हातपाय धुतले, दोरीवरचा पंचा काढला, मांडीवर टाकला आणि पाटावर बसलो. ती ताट घेऊन आली. मी पंचाखालून हात पुढे केला.

ती तशीच उभी राहिली. मग ताट ठेवलं आणि पंचाखाली हात घातला. मी पाचही बोटं तिच्या मुठीत दिली.

“पाच भाकरी?”

“भाकरी न्हाई. वर्गणी. नाव पुकारायचं न्हाई.”

तिने विचारलं, “कवा कळलं?”

“आज. हॉटेलात.” मग म्हणालो, “ते नावांचं खूळ माझं हुतं.”

“ठावं हाय. अन् हितचिंतकबी.”

“मला का न्हाई सांगितलंस?”

“भाऊबीजेला सांगनार हुते. तवाच तुमी म्हनला, बायांना जमत न्हाई.”

पण एका गोष्टीचा उलगडा मला हवाच होता. “एक तेवढं खरं सांग. गुलाबतात्या म्हणजे कारभारीच ना?”

ज्योतीने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा तिचा ओठ हलला. मग खांदे. मग तिने पिठाचा हात तोंडावर धरला, तरी आवरेना, तेव्हा पाटाशेजारच्या भिंतीला टेकून खाली बसली आणि हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी काय विनोद केला मला कळलं नाही. पण तो माझा होता, आदिनाथचा नव्हता.

पुढच्या गुरुवारी भाग येणार असं ती म्हणते. बँकेत शिरलेल्या खोंडाचं मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. आदिनाथचा आवाज बरा आहे, हे मात्र मी अजून मान्य करत नाही.

आणि एक. तिचा दुसरा हात अजून पंचाखालीच होता. तिने माझी चार बोटं हळूच मिटवली, एक उघडं ठेवलं आणि ते दोनदा दाबलं. लग्नाच्या पहिल्या वर्षात या खुणेलाही एक अर्थ होता. कालच्या भागात बाकी सगळं आलं, पण ही खूण आली नव्हती. ती तिने आदिनाथला सांगितली नाही.

मीही इथे लिहीत नाही.